सांगणारा एकच

—नाही, सतरा नंबरची वही नाही त्यात. दोनदा मोजल्यात तरी नाही मिळायची, सर, सोळानंतर अठराच आहे. हरवली म्हणा. चहा घ्या आधी, निवतोय. नाट्याहून दोन तास एसटीत बसून आलात, तेही निवृत्त बाईकडे पोरांच्या जुन्या वह्या बघायला — इकडे कोण येत नाही हो. रत्नागिरीत फ्लॅट घेतला, म्हटलं दवाखाना जवळ, बाजार जवळ. खालच्या मजल्यावरची विचारते, बाई, बोलण्याचा आवाज येतो, पाहुणे आलेत का? पाहुणे कसले, मीच बोलत असते.

तर काय विचारत होतात — हां, प्रकल्प. नववीच्या पोरांना सांगायचं, गावात घडलेली एक गोष्ट घ्या, पण ती बघितलेलं माणूस जिवंत हवं. त्याच्यासमोर बसा. कुठे होतात, किती वाजले होते, आधी काय झालं, मग काय झालं, असं ओळीनं विचारा. तो बोलेल तसं उतरवा. सुधारू नका. मग दुसरं कोण तेच सांगतं का ते बघा. इतिहास पुस्तकात आपोआप उगवत नाही, कुणीतरी असं विचारत फिरलेलं असतं, हे पोरांना कळायला नको? बाकी सनावळ्या काय, पाठ होतात नि विसरतात.

काय? प्रदर्शनात माझ्या भावाची गोष्ट लावायची? कुणी सुचवलं हे — मुख्याध्यापकांनी? अख्ख्या गावाला माहिती म्हणता... असणारच. मीच सांगायचे ना, दरवर्षी जूनमध्ये, पहिल्याच तासाला. माझा थोरला भाऊ दत्ताराम, होडीवर होता. वारा सुटला, लाटेनं त्याच्याच होडीवरच्या केरूदादाला खेचलं, दत्तारामनं उडी टाकली, केरूदादाला होडीवर चढवलंन आणि स्वतः गेला. मग मी विचारायचे, हे आपल्याला कसं कळलं? पोरं म्हणायची, केरूआजोबांनी सांगितलं, त्यांनी डोळ्यांनी बघितलं. शाब्बास म्हणायचे मी आणि पुढच्या धड्याला लागायचे. केरूदादा दर भाऊबिजेला आमच्याकडे यायचा. सत्तावीस वर्षं ओवाळलं मी त्याला. आई समोर बसायची, त्याच्याकडे बघत — माझ्या झिलानं राखलेला जीव आहे हा, म्हणायची. त्याला करंजी जास्त वाढायची.

लावू नका ती गोष्ट. का म्हणजे — लावू नका, एवढंच. भिंतीवर जागा नाही का दुसऱ्या कशाला?

...अहो, वही हरवलेली नाही. त्या कपाटात आहे, साड्यांखाली. संस्कृती नावाची मुलगी होती वर्गात, केरूदादा तिच्या आईचा काका. ती त्याच्याकडे गेली. तो जाळं विणत बसलेला, ही शेजारी वही घेऊन. आणि तिनं मी शिकवलं तसंच विचारलं — किती वाजले होते? वारा कुठला होता? सुकाणूवर कोण होतं? सर, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं त्याला. मी नाही, आईनं नाही. आम्ही फक्त ऐकत होतो. आणि म्हाताऱ्यानं सांगून टाकलंन. वारा नव्हताच. समुद्र तेलासारखा शांत. जाळी टाकून सगळे झोपलेले, पहाट व्हायची होती. दत्ताराम एकटा जागा. लघवीला काठावर उभा राहिला असेल, पाय घसरला असेल — असेल, हं, कारण बघितलं कुणीच नाही. जाग आली तेव्हा होडीत तिघेच. दुपारपर्यंत शोधलं, हाका मारल्या. परत येताना केरूदादाच्या मनात आलं, म्हातारीला काय सांगायचं? आम्ही झोपलो होतो, असं? मग वाटेत त्यानं गोष्ट जुळवलीन, आणि बाकीच्या दोघांना सांगितलंन, हेच बोलायचं.

पोरगी एवढ्यावर थांबली नाही. त्या दिवशी बंदरातल्या बाकीच्या होड्यांचं काय झालं, ते विचारून आली. सगळ्या भरून आलेल्या, वादळ कुणालाच आठवत नव्हतं. आणि शेवटी लिहिलंन — पाठ आहे मला — ‘बाई वर्गात ही गोष्ट सांगतात. पण बाई होडीवर नव्हत्या. त्यांना केरूआजोबांनी सांगितली. म्हणजे ही दोन साधने नाहीत, एकच आहे.’ चौदा वर्षांची पोर हो! तीस वर्षं शिकवलं, एवढं नीट कुणाला समजलं नव्हतं. मला धरून.

मी काय केलं? मी वही ठेवून घेतली, तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, संस्कृती, तू बंदराच्या धक्क्यावर लिही, हा विषय नको. ती म्हणाली, बाई, तुम्हीच सांगितलंत ना, सुधारू नका. एवढंच म्हणाली. धक्क्याबद्दल सुट्या कागदांवर लिहून आणलंन, मी वीसपैकी अठरा दिले. त्यानंतर वर्षभर माझ्या तासाला तिनं हात वर केला नाही. आता चिपळूणला पॅथॉलॉजीत कामाला आहे. एकदा स्टेशनवर दिसली. नमस्कार केलान, थांबली नाही.

केरूदादा? आला ना त्या भाऊबिजेला. मी ओवाळत होते, तेव्हा त्यानं हळूच विचारलंन, “काय लिहिलंन गो पोरीनं?” आई बसलेली समोर. मी म्हटलं, अजून वह्या तपासल्या नाहीत. त्याला कळलं. पुढच्या वर्षी आला नाही, नंतरही नाही. मी गेले असते तर... दोन गल्ल्या पलीकडे तर घर. आई विचारायची, केरू का येत नाही? मग आई गेली, तो गेला. त्याच्या मयताला मी बायकांत मागे उभी होते.

आईसाठी म्हणता? हो, मीही स्वतःला तेच सांगते. पण आई गेल्यावरही दोन वर्षं नोकरी होती की. दोन्ही जूनना मी वर्गात लाट आणली, वारा आणला, दत्तारामला उडी मारायला लावली. मी विचारलं, हे आपल्याला कसं कळलं... हे तुम्हाला सांगायचं नव्हतं मला. चहा पिऊन निघाला असतात ना तुम्ही.

एक ओळ आहे त्या वहीत. केरूदादा म्हणतो, त्या रात्री जागायची पाळी माझी होती, दत्तारामनं मला उठवलंन नाही. बस, एवढंच. दमलेला असेल केरूदादा, म्हणून झोपू दिलंन. ही गोष्ट कधी कुणी आम्हाला सांगितली नाही. ही सांगितली असती तरी आईला चालली असती, सर. मला चालली असती.

थांबा, काढते... ही घ्या. इथं उघडू नका. इथं नको म्हणते ना! वर्गात वाचायची असेल तर आधी चिपळूणला जा, संस्कृतीला विचारा, वही तिची आहे. केरूदादाच्या सुनेलाही विचारा. मला विचारू नका. आणि गुण दिलेले नाहीत या वहीवर, माझ्या हातून व्हायचं नाही ते. साडेचारची गाडी चुकेल तुमची. निघा. दार ओढून घ्या जाताना, मी उठत नाही.