दुसरा सांधा

आई : मावशीला बसवलास तोच सांधा ना मला?

डॉक्टर : नाही गं, तुझ्यासाठी वेगळा मागवलाय. पाय सरळ कर, गुडघ्यावर खूण करू दे.

आई : वेगळा कशाला? भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. गुडघेही जोडीचे झाले असते.

डॉक्टर : हा जास्त चांगला आहे.

आई : महाग असेल.

डॉक्टर : उलट, थोडा स्वस्तच.

आई : चांगलाही आणि स्वस्तही? मग तिला का नाही बसवलास?

डॉक्टर : आई, उद्या ऑपरेशन आहे तुझं. शांत पड बघू.

आई : इकडे बघ. माझ्याकडे. काय झालंय?

डॉक्टर : मावशीचा सांधा बनवणाऱ्या कंपनीनं मला सल्लागार नेमलंय. मानधन देतात.

आई : कसला सल्ला देतेस?

डॉक्टर : कसलाच नाही. त्यांचे सांधे बसवते.

आई : लाच म्हण की सरळ. आणि ती बर्फातली सहल? तीही त्यांच्याच पैशांनी?

डॉक्टर : परिषद होती ती.

आई : परिषदेत तू कधी गेलीस? पोरांबरोबर घसरगुंडी तर खेळत होतीस! मीही मिरवलं, लेकीनं जग दाखवलं म्हणून.

डॉक्टर : पुरे ना आता.

आई : कसं पुरे? भिंत धरून चालते मावशी अजून. पाय चालेना म्हणून शिलाई मशीन विकलं तिनं. तू म्हणालीस, मावशी व्यायामच करत नाहीत. तुझ्या शब्दावर मी तिला चारचौघींत आळशी म्हटलं गं.

डॉक्टर : तो सांधा सैल पडतो. सुरुवातीला मला माहीत नव्हतं.

आई : आणि तिच्या वेळी?

डॉक्टर : तेव्हा माहीत होतं.

आई : माझ्या चपला दे.

डॉक्टर : अगं, निघालीस कुठे? धड उभं राहता येत नाही तुला.

आई : ती काढतेय ना दिवस, मीही काढीन. आधी तिचा गुडघा नीट कर.

डॉक्टर : इतकं सोपं नाहीये. पुन्हा उघडायचा तर कारण लिहावं लागेल. चौकशी लागेल मागे. गुन्हा आहे हा, आई. डॉक्टरकी जाईल माझी. मग पोरांचं काय?

आई : पोरांचं मी बघते. तू तिचं बघ.

डॉक्टर : (फोन लावते.) मावशी, मी बोलतेय... नाही नाही, आई बरी आहे. तुमच्या गुडघ्याबद्दलच... ते व्यायामाचं मी म्हटलं होतं ना, ते खोटं होतं. तुमचं काही चुकलं नाही... फोनवर नको, मी येते तिकडे. आत्ताच.

आई : हात दे मला. मलाही यायचंय.