दोनदा नापास

मालवाहतूक कंपनीच्या दवाखान्यात डोळे तपासायला बसलो होतो. शेजारी एक म्हातारे ड्रायव्हर होते. पन्नाशीचा एक जण त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

“उस्ताद, ओळखलंत? ट्रेनिंगमध्ये तुम्ही मला दोनदा नापास केलं होतं.”

“उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायचास, तो तू?”

“तोच. शिकाऊ पास झाला की उस्तादाला कंपनी भत्ता द्यायची. तुम्ही तोही सोडलात.”

“त्यापायी घरी बोलणी खाल्ली.”

“आणि मी आणखी चार महिने अर्ध्या पगारावर. लग्न लांबलं माझं. फार राग होता तुमच्यावर.”

“दिसायचा की. पण चहा मात्र रोज माझ्याच थर्मासमधला प्यायचास.”

“तेच चार महिने आता आठवतात. तुम्ही शेजारी बसून गुणगुणायचात, चुकीचा गिअर पडला की थांबायचात. आता सगळं अकरा दिवसांत उरकतात.”

“हल्ली काय करतोस?”

“मीच शिकवतो. काल एका मुलीला नापास केलं. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिनं.”

“बोलेल.”

“कधी?”

“तुला किती वर्षं लागली?”

“सव्वीस, उस्ताद.”