मार्फत वकीलीणबाई

“हॅलो?… हॅलो! कोण बोलून राहिलं?… हो, हो, अकोला दोनशे सात. वकील मोरोपंतांचं घर… मुंबईहून? ट्रंक कॉल? थांबा हो, आधी बसते.”

मुंबई म्हटल्याबरोबर गोदावरीबाईंच्या छातीत धस्स झालं, आणि मागोमाग बरंही वाटलं. मोरोपंत वकील जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागे पक्षकारांचे फोन बंद पडले ते पडलेच. आता यायचे ते गल्लीतल्या लोकांचे. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाचा जावई रुसून बसला, सगळं आधी वकीलीणबाईंच्या कानावर आणि मग त्या त्या घरी. साऱ्या गल्लीत फोन एकच, आणि त्याचा बाईंना जो तोरा होता तो काय सांगावा! पण मुंबईचा फोन म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

“हं, बोला. कोण पाहिजे?… कोण?… चंद्रभान?”

झालं. बाईंचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला.

“चंद्रभानजी म्हणे!… हो, आहेत. शेजारी कुठले, माझ्याच गोठ्यात भाड्यानं आहेत… माझा नंबर दिला त्यांनी? मला न विचारता?… बरं, विचारलं असेल, माझ्या ध्यानात नाही. पण तुम्ही कोण?… महामंडळ? कसलं महामंडळ?… बोलावते ना, बोलावते. पण काम काय ते तर कळू द्या. मुंबईच्या साहेबांचं दर्यापूरच्या शेतकऱ्याच्या पोराशी असं काय अडलं?”

पलीकडचा माणूस भला असावा. तो समजावून सांगू लागला आणि बाई एकेक शब्द चिमटीत धरून घेऊ लागल्या.

“हं… लहान कारखानदार… हं… त्यानं काही नवं काढलं असलं तर… परदेशी कंपनी भागीदार, अन् भांडवल तुम्ही देणार. म्हणजे सरकारच की!… अन् हे कधी ठरणार?… आज? आज संध्याकाळच्या बैठकीत?”

ते नवं म्हणजे चंद्रभानचं यंत्र. कापसातून सरकी काढायला मोठ्या जिनात गाड्या घेऊन जावं लागतं, तेच काम गोठ्यात मावेल एवढ्या यंत्रावर करून दाखवलं होतं त्यानं. दिवाळीनंतर एक जर्मन साहेब ते बघायला अकोल्याला येऊन गेला. तेव्हापासून गोदावरीबाईंना अन्न म्हणून गोड लागत नव्हतं.

“माहीत आहे तुमचा जर्मन साहेब! मी सांगते, ऐका… अहो, बोलावते हो त्याला, आधी हे ऐका. चंद्रभानची बायको मनकर्णा, ती सकाळीच माझ्या दारात. ‘वकीलीणबाई, तुमच्या कपबशा देता काय जी? साहेबाले चहा द्या लागते.’ दिल्या. ह्यांनी नागपूरहून आणलेल्या, फुलाफुलांच्या. मला वाटलं, साहेब मोठा माणूस, गोठ्यात थोडाच बसेल? येईल आपल्या बैठकीत. खुर्च्या पुसल्या, धुवट लुगडं नेसली. अन् तो मेला तिकडेच पाटावर मांडी घालून बसला! ठेचा-भाकर खाल्ली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, तरी पुन्हा ठेचा मागून घेतला. गोठा माझा, कपबशा माझ्या, फोन माझा, अन् साहेब तिचा! कानामागून आली अन् तिखट झाली… हसता काय? नाव काय हो तुमचं?… चिंतामण. गाव?… मूर्तिजापूर? माझं माहेर की! मूर्तिजापुरात कुठं?… लहान आगगाडीच्या फाटकापाशी? अन् आईचं नाव?… चारुशीला? चारू! अरे बापा, चारू माझ्या वर्गात होती! मघापासून मी काय अहो-जाहो करून राहिली! कशी आहे ती?… गुडघे ना? माझेही तेच.”

इतक्यात मध्येच एक्स्चेंजमधून कुणीतरी बोललं.

“कोण?… तीन मिनिटं झाली? अहो ताई, तुम्ही मध्ये नका बोलू. चारूचा मुलगा आहे तो. आणखी तीन घ्या म्हणावं, त्याचं महामंडळ भरेल… हं, चिंतामण, बोल बाळा… यंत्राचं काय?… चालतं काय म्हणून विचारतो?”

आता तर बाईंना तोंडच फुटलं. इतके दिवस हे दुःख सांगायला माणूस नव्हता, आणि आज चारूचा मुलगा मिळाला!

“अरे, बंद पडेल तर ना! साहेब आला त्या दिवशी चाललं अन् मग थांबलं, असं वाटलं काय तुला? सकाळी माझी पूजा सुरू होते अन् ते धडधड सुरू होतं, ते दिवेलागणीपर्यंत. दुपारचा डोळा लागेल तर शपथ… हो, रोज. रोज म्हणजे रोज! अन् मागं माघात अवकाळी पाऊस झाला. कापूस ओला, गावातले मोठमोठे जिन थांबले. मी म्हटलं, चला, आज तरी झोपू. कशाचं काय! ओल्या कापसावरही मेलं चालूच. मग काय, दर्यापूरच्या गाड्या, हिवरखेडच्या गाड्या, माझ्या फाटकापर्यंत रांग. बैलांनी माझी तुळस खाल्ली, चिंतामण!… हो, तुळस. तुळशीचं काय विचारतो?… कापसाचं? सांगितलं ना, ओला, ओला… अन् सरकी? सरकीचं तर नावच काढू नको. माझी गाय आहे. जिनातून फुटकी सरकी मिळायची, स्वस्तात व्हायचं. इथं गोठ्यात बसून मला फुटका दाणा मिळत नाही! अख्खी, सारी अख्खी, पेरावी अशी. मग भाव मात्र पेरणीचा… कुणाशी इंग्रजी बोलून राहिला रे मधूनमधून?”

बाई थबकल्या. रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

“कोण बसलं आहे तुझ्याजवळ?… तोच? ठेचावाला? अन् माझं बोलणं तू त्याला सांगून राहिला?… खूश झाला? काहून खूश झाला?… मी चांगलं म्हटलं? मी कुठं चांगलं म्हटलं? अरे, मी तक्रार करून राहिली, तक्रार!… यंत्र एक दिवस चालतं की रोज चालतं, एवढीच त्याची शंका होती?… अन् ती मी फेडली?”

घ्या! करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. ज्या मनकर्णेचं नाव काढलं की अंगाचा तिळपापड व्हायचा, तिच्याच नवऱ्याची भलामण बाईंच्या तोंडून थेट जर्मन साहेबाच्या कानात गेली होती. बाईंनी कपाळावर हात मारला. पण खरा फटका पुढेच होता.

“मग आता काय?… भांडवल मिळणार. हं… अन् नवी शेड? कुठं?… स्टेशनापलीकडे? म्हणजे इथून जाणार ते?… अन् काय म्हटलं?… फोन? त्यांना त्यांचा वेगळा फोन? लोक वर्षानुवर्षं रांगेत आहेत, अन् यांना रांग नाही?… कंपनीची अट आहे. हं… हं.”

मनकर्णा आपल्या घरात, आपल्या खुर्चीवर बसून, आपल्या फोनवर ‘हॅलो’ म्हणणार! आणि मग या दारात कोण येणार? चंद्रभानसाठी फोन येतात म्हणून मनकर्णा दिवसातून दोनदा येऊन बसायची. बसली की दोन गोष्टी व्हायच्या, वाटीभर ताक जायचं, मूठभर मेथी यायची. बाईंना तिचा राग यायचा, हे खरं. पण ती आली नाही तर त्याहून जास्त यायचा.

“चिंतामण… ऐक. ते घरी नाहीत… दोघंही नाहीत. हिवरखेडला गेले, लग्नाला… अन् यंत्रही बंद आहे आज… आवाज? कसला आवाज?… हे होय? ही पिठाची गिरणी. आमच्या गल्लीतली… नाही रे, गिरणी अशीच वाजते आता… काय?”

खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे कानशिलं तापली. आणि खिडकीबाहेर ते यंत्र आपलं धडधडतच होतं. बाईंची अब्रू घेतल्याशिवाय थांबायचं नाही, असं ठरवल्यासारखं.

“खिडकीशी धरू? हा रिसीव्हर?… साहेबाला ऐकायचं आहे?… बरं. बरं, धरते.”

बाई उठल्या. दोरी ताणून खिडकीपर्यंत गेल्या, हात गजांबाहेर काढला. आणि बोलायच्या बाजूवर तळहात दाबून धरला. गच्च.

एवढंच करायचं होतं. साहेबाला काही ऐकू जाणार नाही, तो म्हणेल यंत्र बंद, बाईच्या बोलण्याला काय अर्थ. शेड नाही, फोन नाही, सगळं जिथल्या तिथं. समोर अंगणात मनकर्णा केसांत रुई माखून कापूस निवडत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच बाईंना ते दिवस आठवले. मोरोपंत गेले तेव्हा चंद्रभाननं यंत्र बंद ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. ऐन हंगाम, फाटकाशी गाड्या उभ्या, आणि हा गाडीवानांना हात जोडून परत पाठवत होता. तेराव्यापर्यंत एक दिवसही त्यानं पट्टा चढवला नाही. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि त्या रिकाम्या घरात अशी काही शांतता पडली की ती बाईंना खायला उठली. शेवटी त्याच गोठ्याच्या दारात जाऊन म्हणाल्या होत्या, चालू कर रे बाबा ते, माझ्यानं हे सहन होत नाही.

बाईंनी तळहात काढला. हात आणखी लांब केला, खांदा गजांना टेकेपर्यंत, आणि तसाच धरून ठेवला. यंत्र वाजत राहिलं.

“हॅलो?… ऐकलं?… हो, तेच. गिरणी नाही, तेच यंत्र. मघाशी खोटं बोलली मी, चिंतामण. चारूला सांगू नको… साहेब काय म्हणतो?… गुट? गुट म्हणजे?… चांगलं होय. मग असं बोला ना!… हो, घरीच आहेत दोघंही… उद्याच निघायचं? विचारते. थांब, फोन ठेवू नको.”

मग खिडकीतून अशी हाक मारली की अंगणातल्या चिमण्या उडाल्या.

“मनकर्णे! ए मनकर्णे!… अवं, इकडे पाय! मुंबईचा फोन आहे. जर्मन साहेबासंगं भागी कराची हाय काय, चंद्रभानले विचार! भांडवल सरकार देऊन राहिलं… काहून पाहून राहिली अशी? विचार ना त्याले!… अन् उद्याच्या गाडीनं मुंबईले जा लागते म्हणाव… हाव म्हणते? अन् तू?… तूही हाव? ये मग, हात धुऊन ये… चिंतामण, हो म्हणतात दोघंही. उद्या रात्रीच्या मेलनं बसवून देते मी त्याला. दशम्या मीच देईन करून, मनकर्णेला काही सुचायचं नाही आता.”

तेवढ्यात यंत्र थांबलं. चंद्रभाननं हातातलं काम टाकलं असणार. भर दुपारी गल्ली एकदम गप्प झाली. बाईंना ती शांतता ओळखीची होती.

“चिंतामण, एक काम कर बाळा. कागद आहे ना पुढ्यात? त्यात लिही… शेड स्टेशनापलीकडे नको. माझ्या गोठ्यामागं चिंचेखाली जागा पडून आहे, ती देते मी. तिथं बांधा म्हणावं… भाडं? वाढवणार नाही… त्रास? मला कसला त्रास?… मघाशी म्हटलं असेल. मघाचं सोड रे!… अन् फोनचं. त्यांना फोन कशाला पाहिजे दुसरा? हा आहे ना! कंपनीच्या कागदावर, पाटीवर, तिकडे जर्मनीत जिथं जिथं छापाल तिथं लिहा, फोन अकोला दोनशे सात, मार्फत वकीलीणबाई… अरे, मी घरीच असते. कुठं जाते मी?… कधीही करा, मी उचलते… अट आहे, कळलं मला. पण अट माणसंच घालतात ना? साहेबाला विचारून तर पाहा. त्याला म्हणा, पुढच्या खेपेला आला की ठेचा माझ्या हातचा… विचार ना, आत्ता विचार, बसलाच आहे तो… हॅलो?”

दारात मनकर्णा येऊन उभी होती. हात ओले, केसांत रुई, आणि रडावं की हसावं ते कळत नाही असा चेहरा. बाईंनी तिला हातानंच खुर्ची दाखवली. बस, थांब, बोलणं चालू आहे.

“हॅलो, चिंतामण?… ताई, कापू नका हो, आणखी तीन मिनिटं द्या, माझ्या बिलात घाला… दोनशे सात. मार्फत वकीलीणबाई. लिहिलं काय रे?… हॅलो?… हॅलो?”