हाक आली शिरजवाडीची

त्या दुष्काळात तालुक्याला नळ नव्हते, टँकर होते. संभाजीनगरच्या बसस्थानकावर सारजाबाई लासूरच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी चर्चचा नुकताच झालेला पाळक योहान आपल्या मावशीला समजावत होता.

“मी गुडघे टेकून म्हणलो होतो, प्रभू, तू धाडशील तिथं जाईन.”

“मग?”

“चर्चनं लासूरपुढची शिरजवाडी दिली.”

“मग जा की.”

“तसं नाय, मावशी. ही खरंच प्रभूची हाक हाय का, ते पारखाया पाहिजे. पुण्यातही एक जागा निघालीय.”

“तिथं नळाला पाणी असंल.”

“दोन्ही वेळ. पण त्याचा इथं काय संबंध?”

सारजाबाईला राहवेना.

“बाबा, शिरजवाडी आमचीच. तू बिनघोर ये. टँकर आला की आमच्यातला एक हंडा तुझा. तुझ्या देवाचं दोन शब्द सांग, आम्ही बसून ऐकू.”

“आजी, मी प्रार्थना करून कळवतो.”

“कर की, गाडीत कर. ही बघ लासूरची लागली, ऊठ.”

“आमची पुण्याची हाय, आजी.”