तीनशे नव्वदची बाटली

गुढीपाडव्याचा दुसरा दिवस, अकोल्याच्या जठारपेठेतलं इरफानभाईंचं मेडिकल, काउंटरवर दोन बाटल्या, एक चोवीसशेची अन् एक तीनशे नव्वदची, अन् समोर आमी तिघी, मी, माझी पोरगी प्रांजली, अन् अमरावतीहून आलेल्या माझ्या नणंद शोभाताई. पण थांबा, पैले थोडं मागचं सांगते, नाही तं तुमी म्हणसान का ही बाई दोन बाटल्यांसाठी एवढं काहून बोलून राहिली.

माझं माहेर भातकुली तालुक्यातलं. लग्न होऊन अकोल्यात आली, एका पगारात घर चालत नव्हतं म्हणून वाळवणाचं काम धरलं, कुरड्या, पापड, सरगुंडे, सारं गच्चीवर. अकोल्याच्या उन्हाले लोक नावं ठेवतात, मले त्याच उन्हानं पोसलं, सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळी कडक. पण काय सांगू तुम्हाले, कुरडई वाळली अन् तिच्यासंगं तोंडही भाजलं. दोन्ही गालांवर वांगाचे डाग पडले. तेव्हापासून फोटो म्हटलं का मी मागच्या रांगेत, गालावर पदर. प्रांजलीच्या साखरपुड्याच्या फोटोत तं असं वाटते का या बाईची दाढ दुखून राहिली. पोरगी तो फोटो पाहून रडली हो. म्हणे आई, लग्नात तू माझ्या बाजूले पाहिजे, पूर्ण तोंडानं, नाही तं मी फोटोच काढत नाही. अन् लग्न वैशाखात.

मग तिनंच मले चामडीच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. त्या म्हणाल्या, डाग पुसून जाणार नाहीत, फिके होतील. गच्चीवर तोंड झाकून जा, उन्हाचं क्रीम लावा, अन् सकाळी व्हिटॅमिन सीचं सीरम. कोणतं घेऊ म्हटलं, तं म्हणे दहा टक्क्यांचं घ्या, पण रोज लावा, सणावारी नको.

तं आता काउंटर. दोन्ही बाटल्या तीस मिलीच्या, दोन्हींवर दहा टक्केच लिहिलेलं. मी चष्मा लावून फिरवून फिरवून वाचल्या, एकीचा मिली तेरा रुपयाले पडते, दुसरीचा ऐंशीले. इरफानभाईले विचारलं, फरक काय, तं म्हणे भाभी, महंगीवाली में खुशबू है, डिब्बा बढ़िया है, बाकी मेरे को मत पूछो, मैं तो मुँह पे साबुन लगाता. शोभाताई म्हणाल्या, वहिनी, लेकीचं लग्न आहे, एक डाव तरी हात सैल सोड ना वो, हे तीनशे नव्वदचं तं मले फरशी पुसाचं लिक्विड दिसते, व्याहीण काय म्हणन. अन् चोवीसशे मोजून त्यांनी सोताले ती बाटली घेतली बी.

मी उभी. मनात आलं, घेऊन टाकावी, पोरीचं लग्न काही दुसऱ्यांदा होत नाही. पण मी मले ओळखते. महागाची घेतली असती तं आज दोन थेंब, मग चार दिवस नाही, कपाटात जपून ठेवली असती. आमच्याकडे चांगली वस्तू वापराची नसते, ठेवाची असते. नवा कपसेट पाहुण्यांसाठी, नवी चादर पाहुण्यांसाठी, मग हे बी पाहुण्यांसाठीच राहिलं असतं. म्हटलं, इरफानभाई, तीनशे नव्वदची द्या. शोभाताई हसल्या. म्हणे, राहा मग मागच्याच रांगेत.

ते वाक्य लागलं मले. रोज सकाळी लावलं. बाटली गरमीत खराब होते म्हणून फ्रिजमधे, लोणच्याच्या बाजूले. आमचे हे एक दिवस विचारतात, हे भाजीत टाकाचं आहे का. गच्चीवर जाताना दुपट्टा बांधला, क्रीम लावलं, पैली बाटली संपली, तशीच दुसरी आणली. डाग गेले नाहीत, खोटं काहून बोलू, पण फिके झाले. एक दिवस शेजारीण म्हणे, काय वो, माहेरून आली का? मी आरशात पाहिलं अन् एकटीच हसत बसली.

लग्नाच्या सकाळी हॉलच्या खोलीत आमी तयार होऊन राहिलो होतो. शोभाताईंनी पिशवीतून रेशमी रुमाल काढला, रुमालातून डबा, डब्यातून बाटली. फक्त दुकानातून घरी नेल्यावर एकदा लावून पाहिली होती, बाकी सारी आजच्यासाठी ठेवलेली. अन् ठेवली कुठे, वरच्या मजल्यावरच्या घरात, तापल्या स्लॅबखाली, लोखंडी कपाटात, दागिन्यांसंगं. झाकण उघडलं तं आत चिंचेच्या कोळासारखं तपकिरी पाणी. वास बी कसातरीच. प्रांजली हळूच म्हणाली, आत्या, हे खराब झालं, नको लावू.

शोभाताईंचं तोंड एवढंसं झालं. मले त्या दिवशीचं वाक्य आठवलं, जिभेवर बी आलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहून गिळून टाकलं. त्यांनीच माझ्याकडे पाहिलं, अन् हात पुढे केला. म्हणे, दे वो वहिनी, तुझं ते फरशीचं लिक्विड. अशा हसलो आमी तिघी का प्रांजलीचं काजळ पसरलं.

एका सकाळच्या लावण्यानं काही होत नाही, मले मालूम होतं, पण त्यांच्या गालाले मी माझ्या हातानं लावून दिलं.

फोटोच्या वेळेस फोटोग्राफर ओरडला, मावशी, पदर जरा खाली. म्हटलं, बापा, खालीच आहे, तू काढ. पोरीच्या बाजूले, पैल्या रांगेत, पूर्ण तोंडानं. माझ्या बाजूले शोभाताई, त्यांनी माझा हात धरलेला.

प्रांजली सासरी सुखात आहे, अशीच राहो. तो फोटो आता बैठकीत लागला आहे, दाराच्या समोरच. सीरमच्या दोन बाटल्यांचे सातशे ऐंशी इरफानभाईले दिले, त्यात दहा रुपये कमी करा म्हणून मी भांडली होती. फोटो मोठा करून फ्रेम लावाचे फोटोग्राफरनं अठराशे सांगितले. जन्मात पैल्यांदा भाव केला नाही. अठराशेचे अठराशे त्याच्या हातात दिले.