बदकं आणि डबा टीव्ही

डबा टीव्हीला नावं ठेवायची नाहीत हां माझ्यासमोर! बदकं मारायच्या व्हिडिओ गेममध्ये मी शाळेत चॅम्पियन होतो, हे श्वेताला लग्न झाल्यापासून ऐकवतोय. परवा आमच्या बोरिवलीच्या घरी माळ्यावर तोच गेम सापडला, बंदुकीसकट. भिंतीवरच्या नव्याकोऱ्या टीव्हीला जोडला. ठो ठो ठो! एक बदक पडलं असेल तर शपथ.

बायको हसून लोळायला लागली. "हाच का तो चॅम्पियन?"

"अगं, या बंदुकीला पातळ टीव्ही चालतच नाही. तिला डब्याचाच उजेड कळतो."

"हो का? आता टीव्हीवर ढकल!"

माझी सटकली. तिला तस्सं उठवलं आणि मुलुंडला आईकडे नेलं. आईचा डबा टीव्ही अजून झकास चालतो. लावला गेम. प्रत्येक गोळीला एक बदक!

"बघितलंस? आहे तुझ्या पातळ टीव्हीत हा दम?"

"दे इकडे," म्हणत श्वेताने बंदूक घेतली, आयुष्यात पहिल्यांदा. आणि माझ्यापेक्षा जास्त बदकं पाडली, यार!

आता ती मागे लागलीय, डबा टीव्ही घरी आणूया. आणि मीच म्हणतोय, "अगं, एवढं धूड ठेवायचं कुठे?"