द्रौपदीबाईंची खुर्ची

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. आपण देतो, समोरचा घेतो, हात जोडतो. पण त्याला ते हवं होतं का, हे कधी विचारलं? नाही ना? मग ते दिलं कोणासाठी — त्याच्यासाठी, की आपल्यासाठी?

कोकणातल्या एका गावात सेवाभावी क्लब होता. अध्यक्ष हेमंत खातू, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सरळ, कष्टाळू. क्लबने ठरवलं, अपंगांना चाकाची खुर्ची द्यायची. तीन बैठका झाल्या! बॅनरचा रंग ठरला, पाहुणे ठरले. हार कोणी घालायचा, यावर तर अर्धा तास गेला. — हसता काय? तुमच्या सप्ताहाच्या बैठकीला मीही होतो की!

खुर्ची मिळणार होती द्रौपदी गोरिवले या बाईंना. कंबरेखालचं अंग लुळं. घर रस्त्यापासून बेचाळीस पायऱ्या खाली. कार्यक्रमाच्या दिवशी चौघांनी त्यांना उचलून वर आणलं. त्या चौघांत खातूसर स्वतः होते. धापा टाकल्या, घाम पुसला, बाईंना नव्या खुर्चीत बसवलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग सगळे पाहुण्यांबरोबर जेवायला गेले.

दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या बक्षिसासाठी अर्ज करायचा होता. त्यात बाईंचे दोन शब्द हवे होते. सर वही घेऊन पायऱ्या उतरले. बाई ओटीवर गोणपाटावर बसल्या होत्या.

“खुर्ची कुठे आहे?” सरांनी विचारलं.

“वर, दुकानदाराच्या पडवीत. एवढ्या पायऱ्यांवरून ती खाली आणून करू काय, दादा? अंगणात तिचं चाक फिरत नाही.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“एवढी माणसं हौसेनं आली होती. तुमचा हिरमोड कशाला करायचा?”

सरांनी वही मिटली. म्हणाले, “त्या दिवशी घरी कोणी आणलं तुम्हाला?”

“भाऊ कामावरून आला, त्यानं आणि शेजाऱ्यानं. तोवर, दिवस मावळेपर्यंत, मी बसले होते रस्त्याकडेला.” मग बाईच सरांना धीर दिल्यासारख्या म्हणाल्या, “खुर्ची चांगली आहे हो. पाठ दुखली नाही.”

मंडळी, शिवी दिली असती तर सोसली असती. हे कसं सोसायचं?

सरांनी खाली मान घालून विचारलं, “तुम्हाला काय हवं होतं?”

बाईंनी तळहात पुढे केले. घट्टे पडलेले, चिरलेले. “मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत सरकत जाते. दगड लागतात. तेवढी वाट गुळगुळीत झाली असती तर…”

पंधरा पावलांची वाट! सरांनी अर्ज फाडला. बैठकीत सगळं सांगितलं. दोघं रागावून उठून गेले, पाच जण थांबले. चार रविवार त्यांनी सिमेंट कालवलं. वाट झाली. फोटो काढायचा विषयही कोणी काढला नाही. बाईंनी चहा दिला, पण सरांना त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. आजही देता येत नाही म्हणतात.

आता आपलं बघा. सात दिवसांसाठी मंडप घातलाय, माझा सत्कार झाला, शाल मिळाली. देवळाच्या या उंच जोत्यावर सगळे चढून आलो. ज्यांना चढता येत नाही, ते कुठे आहेत? मी विचारलं नाही. तुम्हीही नाही. आज पाच दिवस मी इथून कीर्तनात सेवा सेवा म्हणतोय!

आरती थोडी थांबू द्या. दोघं जण उठा, खाली उतरा, त्यांना काय हवं ते घरोघरी विचारून या. मीही येतो.